परमिट तेवढं सुखरूप

महाड एमआयडीसीत सर्वांत सुरक्षित वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक वर्क परमिटच्या फायलीकडे बोट दाखवीन. तिला प्लास्टिकचं कव्हर असतं, पत्र्याच्या कपाटात जागा असते, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे हे ठरलेलं असतं. मॅनहोलमधून रिअ‍ॅक्टरमध्ये उतरणाऱ्या माणसाची इतकी बडदास्त प्रत्येक ठिकाणी ठेवली जाते, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

परमिट ही मुळात थट्टेची चीज नव्हे, तशी ती आपण केली. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 36 वाचा. टाकीत, चेंबरमध्ये, पाइपात विषारी वायूची शक्यता असेल तर जाणकार माणसाने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, मगच कुणी उतरायचं. नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र हवं, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. दोराचं टोक कुणाच्या हातात, इथपर्यंत कायद्याने विचार केला होता. बाहेरच्या माणसाला मध्येच टेम्पो खाली करायला पाठवू नये, हे लिहायचं तेवढं राहिलं. कायदा करणाऱ्यांनी आमचा सुपरवायझर पाहिला नव्हता.

‘स्वतः तपासून’ या दोन शब्दांचं काय होतं ते सकाळी नऊ वाजता बघावं. टेबलावर परमिटांचा गठ्ठा, शेजारी चहा. हॉट वर्क, उंचीवरचं काम, बंदिस्त जागा, सगळ्यांना एका दमात टिकमार्क. गॅसचं रीडिंग: शून्य. सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य, मीटर दुरुस्तीला गेला होता त्या गुरुवारीही शून्य. ब्रह्मगुप्तानंतर शून्यावर एवढी निष्ठा आमच्याच लोकांनी दाखवली.

मग टूलबॉक्स टॉक. झारखंड, बिहार, ओडिशातून आलेली पोरं रांगेत उभी. समोर इंग्रजी कागद, त्यावर बारा धोके आणि बारा उपाय. वाचायचा नसतो, सही करायची, नाहीतर अंगठा. साहेब विचारतात, “समझ गया?” रांग म्हणते, “जी.” फोटो निघतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, तिघे वरिष्ठ अंगठे उंचावतात. ज्याने लिहिलं तो कामावर नसतो आणि जो कामावर असतो त्याला लिहिलेलं कळत नाही, त्यामुळे दोघांत मतभेद व्हायचा प्रश्नच उरत नाही.

खरी कला मात्र पोलादपूरकडे, घाटरस्त्याच्या कामावर बहरते. डोंगर कापायचा आराखडा दूर शहरातल्या ऑफिसात तयार होतो, म्हणजे आधीच्या कुठल्याशा कामाचा उघडून नाव बदललं जातं. असाच एक मी चाळला. वाळूच्या वादळापासून घ्यायच्या काळजीवर त्यात अख्खं पान होतं. पोलादपुरात! जिथे जुलैत छत्री उघडायच्या आत माणूस भिजतो आणि चार महिने भिंतींना बुरशी येते, तिथे मजुरांनी डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून गॉगल लावावेत. दरडीला एक ओळ होती: ‘योग्य ती खबरदारी घ्यावी.’ दगडांखालच्या फुरशाला तीही नव्हती. सुरुंगाच्या हादऱ्याने उठणाऱ्या आग्या माश्यांनाही नव्हती. वाडीवरची एक म्हातारी रोज त्याच बाजूने गुरं नेते. ती मुकादमाला म्हणाली, “ह्यो धोंडा काल हितं नव्हता रं.” एवढं नेमकं निरीक्षण त्या आराखड्याच्या शंभर पानांत सापडणार नाही. पण ते टिपायचं कुठे? फॉर्ममध्ये रकाना नाही आणि म्हातारीकडे इंडक्शनचा पासही नाही. मुकादमाने तिला साइटवर विनाहेल्मेट फिरल्याबद्दल हटकलं.

कागदावरचा विश्वास इथे कशानेही डळमळत नाही. सावित्री नदीवरच्या इंग्रजांच्या वेळच्या पुलाची मे 2016 मध्ये तपासणी झाली. वाहतुकीला धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. 2 ऑगस्टच्या रात्री पूल दोन एसटी गाड्या घेऊन पुरात गेला. अहवाल गेला नाही. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. म्हणजे आखणी, वेळापत्रक, देखरेख हे सगळं आपल्याला उत्तम येतं, फक्त आधी पूल पडावा लागतो. 24 ऑगस्ट 2020 ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन कोसळली, 16 माणसं गेली. इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. नकाशे काढणारे आणि लोखंड-सिमेंटचा हिशेब करणारे तिलाही लाभले होतेच.

3 नोव्हेंबर 2023 ला महाड एमआयडीसीतल्या ब्लू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि 11 कामगार बेपत्ता झाले. एनडीआरएफला आत जाऊन मृतदेह शोधावे लागले. यावर विनोद होत नाही, करूही नये. एवढंच विचारतो, की कुठल्याही कारखान्याच्या गेटवर अशा वेळी नातेवाईक उभे राहतात तेव्हा त्यांना एकच कागद हवा असतो: या क्षणी आत कोण कोण आहे. ठेकेदाराच्या पोटठेकेदाराच्या खिशातल्या वहीतली नावं त्या कागदावर आलेली असतात का?

महाडला आलेला पुढारी चवदार तळ्यावर नमस्कार करून जातो, ते योग्यच. पण 1927 ला तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारे डॉ. आंबेडकर पुढे 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि 1943 च्या डिसेंबरात झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते, हे भाषणात सहसा येत नाही. आलं तर पुढचा प्रश्न येईल: साहेब, तुम्ही कधी उतरलात?

त्यापेक्षा 4 मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन सोयीचा. मंडप, शपथ, घोषवाक्य स्पर्धा, पहिलं बक्षीस स्टीलचा डबा. यंदा एका साइटवर तर सुधारणाही झाली म्हणतात. म्हातारीची गोष्ट वरपर्यंत पोहोचली, बैठक बसली आणि फॉर्ममध्ये नवा रकाना आला: ‘आदल्या दिवशी नसलेला दगड आढळला काय?’ सोयीसाठी उत्तर आधीच छापून घेतलंय: लागू नाही.