कॅप्सूल की दळण? : रायपूरनिवासी गृहस्थांस मार्गदर्शन

तात्यापाऱ्यातील जुन्या घरांपासून चौबे कॉलनीतील सदनिकांपर्यंत जी मराठी कुटुंबे रायपुरात पिढ्यानपिढ्या नांदत आली, त्यांच्या घरी कॉफी ही एकादशी, आजारपण आणि सोयरिकीची बोलणी अशा ठराविक प्रसंगीच व्हावयाची. दूध उकळून, साखर सढळ हाताने घालून, वर जायफळ उगाळून टाकले की तिच्याविषयी अधिक विचार करण्याचे प्रयोजन कोणास भासत नसे. अलीकडे मात्र पुण्या-बंगळुरास नोकरीनिमित्त गेलेली मुले सुटीत घरी येतात ती मतभेद घेऊनच. थोरल्याने कॅप्सूलचे यंत्र आणलेले असते, धाकट्याने ग्राइंडर आणि सीलबंद पुडीतील बिया. आणि ओट्याचा तो कोपरा, ज्यावर आजवर मिसळणाच्या डब्याची निर्वेध वहिवाट होती, तो एकाएकी वादग्रस्त मिळकत होऊन बसतो. या मिळकतीचा निवाडा शांततेने व्हावा, कोणाचे मन आणि कोणाची कपबशी फुटू नये, एवढ्याच हेतूने पुढील कलमे तयार केली आहेत.

कलम पहिले : अर्जदाराने प्रथम स्वतःची चौकशी करावी

यंत्राची किंमत, वजन आणि रंग पाहण्यापूर्वी सुज्ञ गृहस्थाने एकांतात बसून स्वतःस एकच प्रश्न विचारावा : कॉफी बिघडली तर दोष कोणावर ठेवावयाचा? हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. चव ही जिभेची बाब असली तरी दोष ही प्रतिष्ठेची बाब आहे, आणि आपल्या समाजात जिभेपेक्षा प्रतिष्ठेवर अधिक खर्च होतो, हे कोणत्याही लग्नाचा जमाखर्च पाहिला असता सहज ध्यानात येते. ज्याला कार्यालयात, घरात आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पुरेसा दोष मिळतो, त्याने सकाळच्या कपापुरती तरी जबाबदारी परक्यावर सोपवावी हे रास्त होय; उलट ज्याला दिवसभरात कोणी दोषही देत नाही आणि श्रेयही देत नाही, अशा सेवानिवृत्त माणसास स्वतः कॉफी दळण्यावाचून तरणोपाय नाही.

कलम दुसरे : कॅप्सूल, अर्थात मक्त्याची पद्धत

१७८७ मध्ये बिंबाजी भोसले निवर्तल्यावर छत्तीसगडचा कारभार नागपूरकर भोसल्यांनी सुभेदारांमार्फत चालविला, आणि सुभेदारी मक्त्याने देण्याची वहिवाट पडली. ठरलेली रक्कम नागपुरास पोहोचली की आतल्या कारभाराची उस्तवार मक्तेदाराने पाहावयाची, हे त्या व्यवस्थेचे मर्म. आणि कॅप्सूल यंत्राचेही मर्म नेमके हेच आहे. बी कोणती, भाजली किती, दळली कशी, वजन किती भरले, या सर्व बाबींचा मक्ता दूरदेशीच्या कारखान्याकडे. गृहस्थाकडे फक्त भरणा करणे आणि कळ दाबणे. नेस्लेतील एरिक फाव्र नामक अभियंत्याच्या या कल्पनेचे पेटंट १९७६ सालचे. नेस्प्रेसो या नावाने ती बाजारात आली १९८६ मध्ये. म्हणजे कळ दाबून कॉफी मिळावी एवढ्यासाठी स्वित्झर्लंडसारख्या काटेकोर देशासही दहा वर्षे घालवावी लागली. तेव्हा नव्या यंत्राचे पुस्तक वाचण्यात गृहस्थाने एक रविवार घालवला तर कुरकुर करू नये.

मक्त्याच्या अटी मात्र नीट वाचाव्यात. काही यंत्रे कॅप्सूलच्या कडेवरील बारकोड वाचून पाणी किती सोडावयाचे ते ठरवितात आणि कॅप्सूल मिनिटास सात हजार फेऱ्यांपर्यंत गरगर फिरवितात. अशा यंत्रापुढे परक्या घाटाची कॅप्सूल ठेवणे म्हणजे मोहोर नसलेली सनद घेऊन कचेरीत जाणे होय. खर्चाची रुजुवात येणेप्रमाणे करावी : लहान कॅप्सूलमध्ये सुमारे पाच ग्रॅम कॉफी असते, ती कॅप्सूल पन्नास रुपयांस पडत असेल तर कॉफीचा भाव किलोस दहा हजार रुपये झाला. हा हिशेब स्वयंपाकघरात मोठ्याने करू नये.

वापरलेल्या कॅप्सूलचे काय करावे, हा स्वतंत्र पेच आहे. जर्मनीतील हाम्बुर्ग शहराच्या शासनाने २०१६ मध्ये सरकारी पैशाने अशी यंत्रे खरेदी करण्यास मनाई केली, ती या कचऱ्यापायीच. आपल्याकडे पेच निराळा आहे. ॲल्युमिनियम म्हणजे छत्तीसगडचा घरचा माल. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना इथल्याच कोरब्यात आहे. त्या धातूची बोटाच्या पेराएवढी वाटी समुद्रापलीकडून शिक्क्यानिशी आपल्या ओट्यावर येते, आणि कॉफी निघाल्यावर तीच वाटी कबाड्यापुढे धरली असता तो ती दोन बोटांत घेतो, उलटी करतो, आतील ओला चोथा चपलेवर पडला की झटकतो, आणि रद्दीचा काटा उचलून शेजारच्या दारी जातो. गृहस्थाने या प्रसंगी कोरब्याचा इतिहास सांगू नये. कबाड्यास भाव ठाऊक असतो, इतिहासाची त्यास गरज नसते.

कलम तिसरे : दळण, अर्थात खालसा कारभार

ज्याने मक्ता नाकारला त्याने सारा मुलूख आपल्या अमलाखाली घेतला, असे समजावे. प्रथम बिया. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात सात बिया मक्केहून लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, ही आख्यायिका प्रत्येक दळणाऱ्यास मुखोद्गत असावी लागते. परंतु रायपूरकराने एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. बस्तरमधील दरभा भागात जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाच्या पुढाकाराने २०१७ च्या सुमारास कॉफीची लागवड सुरू झाली, आणि ज्या प्रदेशाचे नाव भातावाचून कोणी उच्चारीत नसे त्या प्रदेशाच्या नावाने आता कॉफीच्या पुड्या निघतात. पुडीवर भाजल्याची तारीख शोधावी. ताज्या भाजलेल्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडीत राहतात, म्हणून त्यांस विश्रांती द्यावी लागते. उलट दळलेल्या भुकटीचा सुवास पाहता पाहता उडून जातो. बीने थांबावे आणि भुकटीने थांबू नये, हे सूत्र पाठ केले की अर्धी विद्या हस्तगत झाली.

उरलेली अर्धी विद्या ग्राइंडरची. पात्यांचे यंत्र बी कापते, त्यामुळे काही कण पिठासारखे तर काही रव्यासारखे निघतात. बर ग्राइंडर मात्र जात्याप्रमाणे दोन दातेरी अंगांमध्ये बी भरडतो आणि त्या अंगांमधील अंतर कमीजास्त करून दळण बारीक वा जाड करता येते. घरच्या मिक्सरच्या भांड्यात कॉफी दळण्याचा मोह आवरावा. ज्या भांड्यात दिवाळीपूर्वी गोडा मसाला झाला आहे, त्यातून निघालेल्या कॉफीस धने आणि दगडफूल यांची जी सर येते ती पुढच्या दिवाळीपर्यंत टिकते.

वजनासाठी सदर बाजारातील सराफाच्या तोडीचा काटा घ्यावा. पंधरा ग्रॅम कॉफीस सुमारे दोनशे चाळीस मिलिलिटर पाणी, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. थोडे गरम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबावे, भुकटी फुगून वर येईल, मग उरलेले पाणी सावकाश, गोल गोल ओतावे. कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर दळण जाड झाले. कडवट लागली तर फार बारीक झाले. दोन्ही एकदम लागली तर कण लहानमोठे आहेत. आणि काहीच लागले नाही तर सर्दी झाली आहे. प्रत्येक बाबतीत आरोपी एकच निघतो, याची अर्जदाराने नोंद घ्यावी.

कलम चौथे : ऋतुमान आणि वीज

मे महिन्यात, रायपूरचा पारा पंचेचाळीसाकडे झुकतो आणि हवेतील ओलावा नाहीसा होतो त्या दिवसांत, दळणाऱ्याची खरी परीक्षा असते. कोरड्या हवेत दळताना कणांवर विद्युतभार येतो; भुकटी भांड्याच्या आतल्या अंगास मखमलीसारखी चिकटते, बियांची पापुद्र्यासारखी साले उडून सदऱ्याच्या बाहीवर बसतात, आणि झटकली तर दुसऱ्या बाहीवर जातात. उपाय सोपा आहे : चमच्याच्या दांड्याचे टोक पाण्यात बुडवून तेवढ्या थेंबाने दळण्यापूर्वी बिया हलवून घ्याव्यात. ऑरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये याच थेंबाचे समर्थन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला असल्याने, घरातील कोणी हसल्यास त्या विद्यापीठाचे नाव गंभीरपणे घ्यावे.

विजेच्या बाबतीत आपले राज्य संपन्न म्हणविते; परंतु उन्हाळी अंधड सुटले की ही संपन्नता गल्लीच्या तोंडाशीच थांबते. अशा वेळी कॅप्सूलचे यंत्र टीव्हीचा रिमोट ठेवण्यास फार सोयीचे पडते. हाताने फिरवावयाचा ग्राइंडर आणि गॅसवरील मोका पॉट यांच्या मालकास मात्र त्या काळोखात अर्धा तास विजयाचा आनंद घेता येतो, मग भले गाळलेली कॉफी निम्मी ओट्यावर सांडो. खारुन नदीचे पाणी गाळून घ्यावे आणि यंत्रात साचलेले क्षार वेळोवेळी काढावेत, हा नियम उभय पक्षांस लागू आहे; आणि उभय पक्ष तो सारख्याच निष्ठेने मोडतात.

कलम पाचवे : पाहुणे

नागपूरहून आत्या येतात तेव्हा त्यांच्यापुढे कोणतीही पद्धत ठेवली तरी त्या कपाकडे पाहून ‘अरे, दूध संपलंय का?’ असे विचारणार, हे गृहीत धरावे. कॅप्सूलवाल्याने यंत्राकडे बोट दाखवून ‘आत्या, हे असंच देतं’ म्हणावे. विषय तेथेच मिटतो. दळणाऱ्याने बियांचे गोत्र, डोंगराची उंची आणि भाजण्याची तारीख सांगावयास सुरुवात केल्यास आत्या शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी जायफळ मागतात. ज्याची सहनशक्ती संपली असेल त्याने त्यांना शहरातील इंडियन कॉफी हाउसमध्ये न्यावे. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करण्यास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालविली. तेथे तुरेवाल्या फेट्यातील वाढपी कप आणून ठेवतो, आणि कॉफी कशी झाली हे तो विचारीत नाही. अवघ्या देशात एवढा आत्मविश्वास असलेला दुसरा कॉफीवाला नाही.

कलम सहावे : निकाल

एकंदर कैफियत ऐकून घेता असा निर्णय निघतो की, कॉफीच्या चवीत दोन्ही पद्धतींनी जे अंतर पडते त्याहून अधिक अंतर पिणाऱ्याच्या मनःस्थितीत पडते. मक्तेदारास सकाळी सातला निश्चिंती मिळते आणि महिनाअखेरीस बिल. खालसा कारभाऱ्यास सातला खटाटोप मिळतो आणि कधीकाळी, दळण, पाणी आणि दैव तिन्ही जुळून आली तर, एक असा कप मिळतो की ज्याचे वर्णन करण्यास घरात कोणी जागे नसते. सबब ओट्याची जागा, जो आपल्या कपाचा दोष स्वतःच्या नावावर लिहून घेण्यास तयार असेल त्यास द्यावी. दुसऱ्या पक्षाने आपले यंत्र फ्रिजवर ठेवावे. आणि कोणी पाहुण्याने आपण होऊन ‘वा, झकास झाली’ असे म्हटलेच, तर दळणाऱ्याने ते मान खाली घालून स्वीकारावे, आणि कॅप्सूलवाल्याने खोक्यावर छापलेल्या पत्त्यावर टपालाने रवाना करावे.