ऐनवेळी येणारे विषय

सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारने आदर्श उपविधी करून ठेवले आहेत. आमच्या सोसायटीत त्या पुस्तकाची एकच प्रत आहे. वर्तमानपत्राचं कव्हर घालून ती सेक्रेटरींच्या कपाटात असते आणि भांडण फारच चिघळलं तर बाहेर निघते. मी ती भांडणाशिवाय मागितली तेव्हा सेक्रेटरींनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

पुस्तक वाचनीय आहे. कुठे आवाज चढलेला नाही, कुठे कोणाला टोमणा नाही. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. थकबाकीवर व्याज फार तर 21 टक्के. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा द्यायचा, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. या शेवटच्या वाक्यावर आमचे तळमजल्याचे काका इतकी वर्षं नाराज आहेत की, पैसे वसूल व्हावेत म्हणून रोज संध्याकाळी लिफ्टने चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन परत येतात. वर त्यांचं काही काम नसतं.

मी अडखळलो ते पाण्याशी. पाण्याचा आकार कसा वाटून घ्यायचा, तर म्हणे ज्याच्या त्याच्या घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून. हे लिहिणारा माणूस सज्जन असणार आणि तोटी फिरवली की पाणी येतं अशा गावचा असणार. छत्रपती संभाजीनगरात घरातले नळ मोजले तर प्लंबरने किती बिल लावलं असेल एवढाच अंदाज येतो.

पैठणला जायकवाडीचं धरण 1976 पासून उभं आहे. नाथसागर भरला की आम्ही गाड्या काढून पाणी बघायला जातो, दरवाजे उघडल्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकतो आणि घरी येऊन नळाकडे बघत बसतो. मलिक अंबराने सतराव्या शतकात विजेचा पंप नसताना डोंगरातलं पाणी नहरीने शहरात आणलं. पाहुणे आले की त्यांना पाणचक्की दाखवावी लागते. पाणी कसं उंचावरून धो धो पडतं ते दाखवायचं आणि लवकर घरी आणायचं, कारण सहा वाजता टँकर यायचा असतो. सातारा-देवळाईकडे राहणारे नातेवाईक आमच्या या तक्रारी ऐकून हसतात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं सगळा संसारच टँकरवर चाललेला. नळाला पाणी येणारे आम्ही त्यांच्या दृष्टीने चैनीतले लोक.

आमच्या गारखेड्याच्या बिल्डिंगमधला पहिला नियम म्हणूनच कोणत्या पुस्तकात नाही आणि फळ्यावरही नाही. पाणी आलं की शेजारच्याला सांगायचं. 203 आणि 304 या दोन घरांचं पार्किंगवरून वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. लिफ्टमध्ये एक असला तर दुसरा जिन्याने जातो. पण पहाटे चारला वॉल्व्ह सुटला आणि 203 ला जाग आली की तो 304 ची बेल वाजवतो. दार उघडायच्या आत खाली निघूनही जातो. न सांगता पाणी भरून घेणारा माणूस मात्र बिल्डिंगमधून उठतो. म्हणजे राहतो तिथेच, पण त्याच्या घरच्या सत्यनारायणाला कोणी जात नाही.

बाकीचे नियम जिन्याखालच्या फळ्यावर आहेत. आमचे सेक्रेटरी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे साधी कचऱ्याच्या बादलीची सूचनाही ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरू होते. नवीन भाडेकरूंना हे नियम रुक्ष वाटतात. आम्हा जुन्यांना प्रत्येक ओळीमागचा माणूस दिसतो. ‘लिफ्टमधून सायकल नेऊ नये’ या ओळीत 102 चा नातू आहे, जो आता पुण्यात इंजिनिअर आहे. ‘कुंड्यांना पाणी घालताना खालील सदस्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे भान ठेवावे’ यात एका लग्नाचा पांढरा सफारी आहे. ‘गच्चीवर वाळवण घालणाऱ्यांनी आपापले वाळवण ओळखून न्यावे’ ही ओळ वाचताना तर मला अजून त्या दुपारचा आवाज ऐकू येतो. एप्रिलमधली गच्ची, कुरडयांच्या चार चादरी आणि दोन काकू. “माझ्या कुरडया मी ओळखणार नाही का? गहू मी भिजवलेत!” यावर कोणत्या उपनिबंधकाकडे दाद मागणार? शेवटी दोघींच्या कुरडया तळून सगळ्यांना खायला घातल्या गेल्या. फरक कोणालाच कळला नाही आणि तसं म्हणायची हिंमतही कोणी केली नाही.

पाहुण्यांच्या गाड्या आत लावू नयेत असाही एक नियम आहे. त्याला पेनाने जोडलेलं पोटकलम असं: ‘अधिक मासात जावयाची गाडी अपवाद समजावी.’ धोंड्याच्या महिन्यात चांदीची वाटी नि नवे कपडे देऊन ज्याचा मान करायचा, त्याला गाडी रस्त्यावर लाव म्हणायचं कोणी? हे कलम सभेत एकमताने मंजूर झालं. आमच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला तेवढाच एक ठराव.

काही नियम फसतात, ते त्यांच्यामागे एकाच प्रकारचा माणूस धरलेला असतो म्हणून. ‘दुपारी 2 ते 4 शांतता राखावी.’ हा नियम ज्यांनी केला त्यांना दुपारी झोप लागते. पण 301 मधला भाडेकरू वाळूजच्या कंपनीत आहे. नाइट शिफ्ट करून तो सकाळी आठला परत येतो आणि त्याची रात्र सुरू होते, तेव्हा बिल्डिंगमधले सगळे मिक्सर एकदम लागतात. भाजीवाला, भंगारवाला, 302 ची गाण्याची शिकवणी, सगळं त्याच्या मध्यरात्री. देशाचा कायदासुद्धा लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच मनाई करतो. दिवसाची रात्र त्याच्या हिशेबात नाही. पोरगा बिचारा काही बोलत नाही, भाडेकरू आहे ना. मग 302 च्या बाईंनीच शिकवणी संध्याकाळी नेली. फळ्यावर त्याची कुठे नोंद नाही, आणि मला वाटतं, असल्या गोष्टी फळ्यावर आल्या असत्या तर झाल्या नसत्या. ‘301 च्या झोपेसाठी’ असा ठराव मांडला असता तर पहिला विरोध बाईंचाच असता.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आम्ही ती 29 ला घेतो. गणपूर्तीला दोन तृतीयांश सदस्य किंवा वीस, यांतली कमी असेल ती संख्या हवी. चोवीस फ्लॅटना सोळा माणसं. ठरलेल्या वेळी सात असतात. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्यानंतर तिथेच, त्याच खुर्च्यांवर, गणपूर्तीची अट न ठेवता भरते. उपविधी लिहिणाऱ्याला माणूस कळला होता, हे मला या एका तरतुदीवरून पटलं. कारण खरी सभा होते ती त्या तहकुबीच्या अर्ध्या तासात. चहा येतो. कोणाच्या मुलीला स्थळ बघताहेत, कोणाचा गुडघा बदलायचाय, गावाकडे कपाशीचं कसं आहे, कोणाचे आजोबा दवाखान्यातून कधी येणार, सगळं निघतं. मग सेक्रेटरी घड्याळ बघून खाकरतात आणि सगळे ताठ बसून एकमेकांचे सदस्य होतात.

परवाच्या सभेत विषय होता टँकरची वर्गणी. 401 म्हणाले, “आम्ही दोन म्हातारी माणसं, आम्ही कामून सारखे पैसे द्यावेत? डोक्यावर हिशेब करा.” 202 मध्ये सात माणसं. ते म्हणाले, “पाव्हणेरावळेही मोजणार का मग?” तळमजल्याचे काका म्हणाले, “लिफ्ट सारखी, तर पाणीही सारखं.” पुस्तक बाहेर निघालं. सेक्रेटरींनी नळांचं कलम मोठ्याने वाचलं आणि क्षणभर सगळेच गप्प झाले. मग कोणीतरी हळूच विचारलं, कोरडे नळ धरायचे की सोडायचे.

यावर मतदान घ्यायचं ठरत होतं. अध्यक्ष म्हणाले, “ऐनवेळी येणारा विषय म्हणून घेऊ.” तेवढ्यात वॉचमनमामा जिन्यातूनच ओरडले, “आलं बरं का!”

खुर्च्या तशाच राहिल्या. 304 जाता जाता 203 च्या दारावर थाप मारून गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर इतिवृत्त लागलं. सर्व विषयांवर साधकबाधक चर्चा झाली, टँकरचा विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात आला, आणि सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.