सध्याचा काय वाईट आहे?

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असे असतात, की ज्यांचा नवा टीव्ही 'घ्यायचा चाललाय'. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात. घरात ३२ इंची टीव्ही आहे आणि मनात ५५ इंची. मनातला हॉलमध्ये मावत नाही, म्हणून काका तो जिन्यात, पार्किंगमध्ये, झालंच तर भाजीवाल्याच्या गाडीपाशीही मांडतात.

"५५ म्हणजे रुंदी नव्हे हं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजतात. रुंदी चार फूट." मेथी निवडता निवडता भाजीवालाही मान डोलावतो. त्याचं हे तिसऱ्यांदा ऐकून झालेलं असतं. मग फोर-के येतं. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ब्याऐंशी लाखांवर ठिपके! डोळे विस्फारून एवढं सांगितलं, की काका स्वतःच विरुद्ध बाजूचे वकील होतात. "पण मला सांगा, १९८७ साली रामायण लागायचं तेव्हा चित्रात रेषा ६२५. त्यातही वाऱ्याने अँटेना फिरली की मुंग्या. तरी हनुमान उडताना दिसायचाच ना? मग सध्याचा काय वाईट आहे?"

दुकानात जाताना काकांच्या खिशात पेन ड्राइव्ह असतो. दुकानातले सगळे टीव्ही भडक रंगांवर ठेवलेले असतात आणि त्यांवर धबधबे, फुलं, पोपट यांचं अखंड पारायण चालू असतं. काका पेन ड्राइव्ह पुढे करतात. "पोपट कुठल्याही टीव्हीवर चांगलाच दिसतो. मालिकेतल्या सासूबाई रात्रीच्या प्रसंगात कशा दिसतात, ते दाखवा." सासूबाई दिसतात. काका रिमोट मागून घेतात, 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' करतात आणि मागे सरून, डोळे बारीक करून पाहतात. जुने विक्रेते हा सोहळा सुरू झाला की चहाला निघून जातात. नवा मुलगा बिचारा शेवटपर्यंत उभा राहतो आणि घरी जाण्याआधी ओएलईडीतला प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि क्यूएलईडीत मागून दिवा असतो, हे काकांकडून शिकतो.

"मग ओएलईडीच घ्या ना," असं कुणी म्हटलं, की काका आवाज खाली आणतात. ओएलईडीवर एकच चित्र फार काळ राहिलं तर त्याचा डाग उमटू शकतो. काकू संध्याकाळी एकदा वाहिनी लावतात, ती झोपेपर्यंत बदलत नाहीत. कोपऱ्यातला वाहिनीचा शिक्का कायमचा बसला तर?

किती लांबून बघायचं, याचंही एक ढोबळ गणित आहे: पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट. ५५ इंचांना साधारण सात फूट. काकांचा सोफा भिंतीपासून बरोबर तेवढ्यावर आहे. हे गणित त्यांना मुळीच आवडत नाही, कारण ते सुटतं.

न सुटणारी गोष्ट म्हणजे वॉल युनिट. फुगीर पाठीच्या जुन्या २९ इंची टीव्हीसाठी सुताराकडून करून घेतलेलं. मधला खण विहिरीसारखा खोल, रुंदी मात्र तीनच फूट. शेजारच्या खणांत आग्र्याचा ताजमहाल, मुलीची वक्तृत्वाची ढाल, काचेची बदकं. टीव्ही काढून त्याच खणात दीड दिवस गणपती बसतो. मोठा टीव्ही भिंतीवर लावायचा तर युनिट कापायला सुतार आला. सुतार आला की रंगारी आला. भिंत उजळली की सोफा कळकट दिसणार. "आणि गणपती कुठे बसवायचा?" इथे चर्चा संपते. गणपतीपुढे कोण बोलणार?

गंमत अशी, की सोसायटीतला प्रत्येक टीव्ही काकांच्या सल्ल्याने आलेला आहे. आमचा ४३ इंचीसुद्धा. आम्ही तो मोबाइल बघता बघता अधूनमधून पाहतो. न घेतलेल्या टीव्हीतून काकांनी जेवढी करमणूक वसूल केली, तेवढी आम्हाला घेतलेल्यातून झालेली नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

काकांचा बालेकिल्ला होता जीएसटी. २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यावर २८. "वरच्या इंचांसाठी सरकारला दहा टक्के जास्त? मी?" हा किल्ला काही वर्षं अभेद्य राहिला. मग २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, मोठ्या टीव्हीचाही कर १८ वर आला. मी अभिनंदन करायला गेलो, तर काका सुतकी चेहऱ्याने बसलेले. दुसऱ्या दिवशी मात्र जिन्यात भेटले ते टवटवीत. "एकदम दहा टक्के उतरवले, म्हणजे अजून उतरवतील. थांबलेलं बरं."

दसऱ्याला इमारतीत तीन टीव्ही आले, तिन्ही काकांनी ठरवून दिलेले. काका सकाळपासून पार्किंगमध्ये. "खोका उभाच धरा, आडवा नको, पॅनेल जाईल!" मग प्रत्येक घरी जाऊन 'व्हिव्हिड'चं 'सिनेमा' केलं, प्रत्येक घरी पेढा खाल्ला. टेम्पो रिकामा झाल्यावर पोऱ्याने घाम पुसत विचारलं, "काका, तुमचा कितव्या मजल्यावर न्यायचा?"

"माझा पाडव्याला," काका लिफ्टमध्ये शिरत म्हणाले.

"दिवाळीच्या का गुढीच्या?"