दोन बाय चारचा मिशनरी

नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या पोराला आपण अमेरिकेचं देणं लागतो हे फार लवकर कळतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ पासून मुंबईत होती. १८३१ मध्ये ती नगरला आली, त्यांनी शाळा काढल्या आणि पुढे आमच्या खानदानात अक्षरं शिरली. हे कर्ज व्याजासकट काढलं तर फिटणारं नाही, आणि मी बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालेला असल्यामुळे व्याज काढल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळे ओहायोला मुलीकडे असताना तिच्या चर्चची तरुण मंडळी पूर्व केंटकीत गरजूंची घरं दुरुस्त करायला निघाली, तेव्हा मी तत्परतेने हात वर केला. नगरचा माणूस अमेरिकेत मिशनरी! पणजोबा स्वर्गात टाळ्या वाजवत असणार.

"पप्पा, तुम्ही आयुष्यात एक खिळा तरी ठोकलाय का?" मुलीने विचारलं.

"ठोकलाय की. कॅलेंडरसाठी," सौ. म्हणाल्या. "येशूच्या तसबिरीचं होतं. फेब्रुवारीतच पडलं."

मी दोघींना क्षमा केली. मिशनऱ्याला ती करावीच लागते. मग चर्चच्या फॉर्मवर 'कौशल्य' या रकान्यात 'घरबांधणी क्षेत्रातला प्रदीर्घ अनुभव' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. शेकडो घरांचे नकाशे, सात-बारा आणि मूल्यांकन अहवाल माझ्या टेबलावरून गेले होते. घरं गेली नव्हती, एवढंच.

अमेरिकेत गरीब असतात यावर नगरमध्ये कोणी विश्वास ठेवत नाही. पण अपालाचिया डोंगररांगांतला हा कोळशाचा मुलूख पाहिला की खात्री पटते. आधी यंत्रं आल्यामुळे खाणीतली माणसं कमी झाली, मग खाणीच बंद पडल्या. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गरिबीविरुद्धचं युद्ध पुकारून इथल्याच एका घराच्या ओसरीवर येऊन बसले होते. युद्ध अजून चालू आहे. १९६९ मध्ये टेक्स इव्हान्स या मेथडिस्ट पाळकांनी इथल्या बार्बरव्हिलमध्ये ५० स्वयंसेवकांकडून ४ घरं दुरुस्त करून घेतली. त्यातून 'अपालाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट' उभा राहिला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या चर्चची पोरं हातोडे घेऊन या डोंगरांत येतात, शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात आणि दिवसा छपरं शाकारतात. २०२२ च्या जुलैतल्या पुरानंतर तर काम कमी नव्हतंच.

आमच्या वाट्याला आलं एका आजींचं ट्रेलरघर. म्हणजे कारखान्यात तयार करून चाकांवर ओढत आणलेलं आणि मग कायमचं तिथेच राहिलेलं घर. आजी व्हीलचेअरवर, दार जमिनीपासून २८ इंच वर, मध्ये कुजलेल्या पायऱ्या. त्यांना हवा होता उतार. व्हीलचेअरचा नियम असा की १ इंच चढायला १२ इंच लांबी हवी. म्हणजे २८ फूट उतार! मी लगेच खर्चात काटकसर सुचवली. चढ थोडा वाढवला तर १४ फुटांत काम होईल आणि लाकूड निम्मं लागेल. आमच्या गटाची प्रमुख, बारावीतली एक मुलगी, म्हणाली, "होईल. मग आजी थेट नाल्यात जातील." बँकेत माझ्या प्रस्तावाला असं उत्तर देण्याची हिंमत झोनल मॅनेजरचीही झाली नव्हती.

त्यानंतर माझ्यावर लाकूड मोजण्याचं काम सोपवलं गेलं. इथे मात्र मी घरच्या खेळपट्टीवर होतो. गोदामातला गहाण माल तपासण्यात निम्मी हयात गेलेली. टेप लावला आणि काळजात धस्स झालं. पावतीवर 'टू बाय फोर' लिहिलेलं, आणि फळ्या भरल्या दीड बाय साडेतीन. एक नाही, सगळ्याच! दर फळीमागे रुंदीत ४ सूत आणि जाडीत ४ सूत गायब. बायबलात देवाने नोहाला तारवाची मापं देताना ३०० हात म्हणजे ३०० हातच सांगितले होते. इथे चर्चच्या मालात उघड उघड मापात पाप!

मी गाजावाजा केला नाही. शांतपणे रचलेला ढीग उतरवला, प्रत्येक फळीवर खडूने तूट लिहिली, तक्ता केला, खाली सही केली. कठडे करणारी पोरं लाकडाची वाट बघत झाडाखाली बसली. मग मी तक्ता घेऊन प्रमुखबाईंकडे न जाता थेट लाभार्थींकडे गेलो, कारण फसवणूक त्यांची झाली होती.

आजींनी तक्ता चष्मा लावून नीट वाचला. त्यांचे यजमान खाणीतून आल्यावर सुतारकी करायचे. "हनी," त्या म्हणाल्या, "कापताना ते दोन बाय चारच असतं. वाळवून, चारी बाजूंनी रंधून झालं की दीड बाय साडेतीन उरतं. सगळ्या अमेरिकेत."

मंजूर कर्ज आणि ग्राहकाच्या हातात पडणारी रक्कम यांत फरक का असतो, हे मी अनेक वर्षं लोकांना अगदी याच सुरात समजावत आलो होतो.

त्यानंतर आजींनी माझा ताबा घेतला. मी वाकडे केलेले खिळे उपटायचे कसे, हातोडा मानेपाशी नाही तर टोकाशी धरायचा कसा, हे सगळं त्यांनी खुर्चीवरून शिकवलं. तेव्हा लक्षात आलं की दर उन्हाळ्यात हे असंच चालत असणार. नवी पोरं येतात, आजी त्यांना हातोडा धरायला शिकवतात, त्यांच्या साक्षी ऐकतात, फोटोत हसतात आणि वर मक्याचा पाव खायला घालतात. सेवा करणाऱ्याला चार दिवस पुरतात. सेवा करवून घेणाऱ्याला मात्र बारमाही सोशिकता लागते. १८३१ मध्ये नगरला उतरलेल्या त्या गोऱ्या साहेबांनाही मराठी बोलायला आणि उन्हात सावली शोधायला कोणीतरी शिकवलंच असणार. त्या माणसांची नावं मिशनच्या अहवालांत शोधायला हवीत. आपलं कर्ज वाटतं तेवढं मोठं नसेलही.

उतार पूर्ण झाला. आजींना बसवण्याआधी भार देऊन बघायचा होता. प्रमुखबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या पोटावर येऊन थांबली. मला व्हीलचेअरवर बसवून वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. एक फळीही कुरकुरली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि आजींनी "प्रेझ द लॉर्ड" म्हटलं.

पुढच्या वर्षाचा फॉर्म आलाय. 'कौशल्य' या रकान्यात मी यंदा खरं ते लिहिलंय: वजन ९१ किलो.