विषय : आधार संपल्याबाबत

प्रति,
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून उगवणाऱ्या मा. सूचनेस

सटाणा, ता. बागलाण, जि. नाशिक
मार्गशीर्ष, शके १९४७

संदर्भ : आपले रोजचे स्मरणपत्र.

महोदया,

स. न. वि. वि. सूचना स्त्रीलिंगी, म्हणून महोदया. चूकभूल द्यावी घ्यावी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी माझ्या संगणकाचा आधार संपला, असं आपण कळवलंत. आमच्याकडे आधार म्हणजे कार्ड. त्यामुळे मी आधी खिसा चाचपला. कार्ड जागेवर होतं. मग उलगडा झाला की विंडोज १० चं वय झालं, इथून पुढे त्याला काही दुखलंखुपलं तर औषध मिळणार नाही. बरोबर बारा दिवस आधी, दसऱ्याला, मी याच डब्याला झेंडूची माळ घातली होती. ‘ळ’च्या बटणात अजून कुंकू अडकलेलं आहे. वसुबारस तीन दिवसांवर आली असताना घरातल्या म्हाताऱ्या जनावराला असं कुणी सांगतं का?

तरी आपला मान राखून मी यंत्राला विंडोज ११ च्या तपासणीला बसवलं. रॅम ४ जीबी हवी, आहे. जागा ६४ जीबी हवी, आहे. पुढे विचारलं, प्रोसेसर कितव्या पिढीचा? आठव्या पिढीच्या खालचा इंटेल सहसा चालत नाही म्हणे. माझा चौथ्या पिढीतला. आजवर मी समजत होतो की पिढ्या फक्त जातपडताळणीलाच मोजतात. शिवाय टीपीएम २.० नावाची चिप हवी, तीही नाही. अर्ज नामंजूर.

आमच्या गावाने देव मानला तो एक मामलेदार. यशवंतराव भोसेकर. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी माणसं उपाशी मरताना पाहिली आणि वरच्या मंजुरीची वाट न बघता सरकारी खजिना उघडला. कुणाची कितवी पिढी, हे विचारलं नाही. आरम नदीकाठी त्यांचं मंदिर आहे, मार्गशीर्षात यात्रा भरते. यंदाही पाळण्यांच्या आवाजात आपली सूचना उगवत होती, म्हणून हे आठवलं. पत्राशी याचा संबंध नसेल तर वगळावं.

दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, “भाऊ, बायपास मारून टाकू. चिप नसली तरी इन्स्टॉल होतं.” बायपासचं मोल सटाणेकरांना सांगायला नको, सगळे ट्रक गावातून जातात. पण उद्या अपडेट येईल की नाही, याची खात्री तो देईना. पुण्याचा भाचा म्हणाला, “मामा, लिनक्स टाका, फुकट आहे.” फुकट आहे हे खरं, जुन्या यंत्रावर पळतं हेही खरं. माझं दुकान मात्र त्यात चालत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा कागद.

माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, दशक्रिया विधीची कार्डं, सोसायटीचे अहवाल, डाळिंबाच्या खोक्यांवरची लेबलं. सगळं पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, साल २००१. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. फाइलीत असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला. मी ‘क’ बघायचो, संगणकाला तिथे भलतंच काही दिसायचं. मुखवटा आहे तोवर मराठी. फॉन्ट काढला की उरतो तो कोंबडीने उकरल्यासारखा मजकूर. परवा एका गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्हवर नेलेली पत्रिका घरच्या नव्या लॅपटॉपवर उघडली आणि तसाच माघारी आला. “हाई काय शे, भाऊ?” मी म्हटलं, तुमच्या लॅपटॉपला मराठी येत नाही. खोटं बोललो. मराठी माझ्या फाइलीला येत नव्हती.

फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं ते एका कुलपावर. यंत्राच्या मागे, जुन्या प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या पोर्टात, आगपेटीएवढा डोंगल खोचलेला आहे. त्याचा ड्रायव्हर ३२-बिटचा, म्हणून विंडोज १०ही ३२-बिटचीच ठेवली. विंडोज ११ मध्ये ३२-बिटची आवृत्तीच नाही. नव्या संगणकांना ते पोर्टही नसतं. म्हणजे आपण म्हणता तसं अपग्रेड केलं, की २००३ पासूनची सगळी लग्नं एका रात्रीत मोडली.

हसू नका. गेल्या आठवड्यात एक मुलगा आला. म्हणाला, “पप्पांच्या लग्नात होती तशीच पत्रिका पाहिजे, तेच आमंत्रण, तोच गणपती.” वडिलांची पत्रिका मीच केली होती, फाइल निघाली. सटाण्यात ती फक्त या एका डब्यावर उघडते. बापाचं नाव खोडून मुलाचं घातलं, “लँडलाइन”ची ओळ काढली, काम झालं.

आता आपण म्हणाल, युनिकोड का नाही वापरत? महोदया, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती संगणकात आयती मिळते. मलाच सवड झाली नाही. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार गेला तेव्हा म्हटलं, लगीनसराई संपली की फाइली बदलू. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा गेला, तेव्हाही लगीनसराईच होती. एकदा कन्व्हर्टरमधून पत्रिका काढून पाहिली. रफार एक अक्षर पुढे सरकला आणि ‘शुभाशीर्वाद’चं ‘शुभाशीवार्द’ झालं. नवरदेवाच्या मामाच्या नजरेतून ते सुटलं नाही. फेरछपाईचा खर्च मीच सोसला.

मन रमवायला मी जगातल्या समदुःखींची यादी ठेवली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची नियंत्रण यंत्रणा १९९८ पासून फ्लॉपीवर चालत आली. जपान सरकारने फ्लॉपीची सक्ती रद्द केली ती २०२४ मध्ये. यादी वाचली की दोन दिवस बरे जातात.

पण या यादीत न बसणारी एक गोष्ट आहे, तीही प्रामाणिकपणे कळवतो. मार्च २०१७ मध्ये विंडोजचं एक भोक बुजवणारं अपडेट आलं होतं. ज्यांनी ‘नंतर’ म्हटलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने गाठलं. निवृत्त एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा घाईघाईने औषध काढावं लागलं. जूनमध्ये तसाच दुसरा, नॉटपेट्या, आला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. आमच्या बागलाणची द्राक्षं, डाळिंबं, कांदा परदेशी जातो तो त्याच बंदरातून. दुसऱ्याच्या संगणकातला रोग माझ्या गिऱ्हाइकाच्या कंटेनरपर्यंत पोचू शकतो, हे तेव्हा कळलं. त्या दिवशी मी या डब्याची नेटची वायर काढायला उठलोही होतो. मग कुणीतरी झेरॉक्सला आलं.

आता एक वर्षाची मुदतवाढ मिळते म्हणे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संगणकाची सेटिंग्ज कंपनीच्या खात्याशी जोडून घ्या नाहीतर ३० डॉलर भरा. हे आम्हाला लगेच समजलं. ३१ मार्चला सोसायटीत जाऊन कर्जाचं नवं-जुनं करतात, तसलंच हे. कर्ज तेच, कागद नवा, आणि घरी येताना आपण मोकळे झालो असं वाटतं.

तर माझा निर्णय असा. एक नवा संगणक घ्यायचा, हप्त्याने. जुन्याचं नेट तोडायचं, त्याला कोपऱ्यात बसवायचं आणि रोज रात्री दुकान बंद केल्यावर पाच फाइली युनिकोडमध्ये आणायच्या, रफार स्वतःच्या डोळ्यांनी तपासून. हजारो फाइली आहेत. हिशेब केला नाही, करणारही नाही. आजच्या पाच झाल्या नाहीत, कारण हे पत्र लिहीत होतो.

आपला नम्र,
एक डीटीपीवाला

ता. क. : हे पत्र जुन्याच फॉन्टमध्ये टाइप केलं आहे. आपल्याकडे उघडून अगम्य चिन्हं दिसली तर दुकानावर यावं, छापील प्रत काढून ठेवली आहे.