चौथी सीट : प्राथमिक अभ्यासक्रम

मुंबईत नोकरी लागली, अभिनंदन. कामाचं काय ते ऑफिसवाले शिकवतील. चारचौघांत कसं वागायचं ते मात्र लोकल शिकवते, आणि तिथे प्रोबेशन नसतं. म्हणून हे प्राथमिक धडे. लिहिताना मध्य रेल्वे डोळ्यांसमोर ठेवली आहे. पश्चिमवाल्यांनी ठाण्याच्या जागी बोरिवली वाचावं आणि ‘आमच्याकडे गर्दी जास्त’ असं मनातल्या मनात म्हणून घ्यावं.

आधी भूगोल. सेकंड क्लासचं बाक तिघांसाठी केलेलं असतं आणि त्यावर चौघं बसतात. चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत. एक पाय वाटेत रोवून तो कल्याणपासून भायखळ्यापर्यंत तोल सांभाळतो. ही जागा मागायची एक रीत आहे. तोंड उघडायचं नाही. तिसऱ्याकडे बघून हनुवटी किंचित हलवायची, फार तर दोन बोटांनी ‘सरका’ची खूण करायची. तिसरा दुसऱ्याला रेटतो, दुसरा खिडकीवाल्याला. खिडकीवाला सरकल्याचा नुसता अभिनय करतो, कारण त्याच्यापुढे पत्राच असतो. तुम्ही टेकता. इथे ‘प्लीज’ म्हणालात की नवखे आहात हे डब्याला कळतं. ‘थँक्यू’ तर मुळीच म्हणू नका. आभार मानले की सरकणं हा उपकार होतो, आणि उपकार करायचा की नाही हे करणारा ठरवतो. चौथी सीट हा हक्क आहे आणि तो तसाच, थोड्याशा त्रासिक चेहऱ्याने, बजावायचा असतो.

थोडा इतिहासही परीक्षेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. डब्यांचे वर्ग होते, पण ते पैशावर ठरत. शेजारी कोण येऊन बसणार हे तिकिटावर लिहिलेलं नसे. ज्या समाजात कोणी कोणापासून किती हात दूर उभं राहायचं हे ठरलेलं होतं, त्याच्या दृष्टीने ही भलतीच गोष्ट होती. आज चौथ्या सीटवर मांडीला मांडी घासते तेव्हा जात विचारायला जागाच उरत नाही. (आडनाव पुढे विचारलं जातंच. पण ते ओळख वाढल्यावर, डबा उघडताना, आणि तोवर उशीर झालेला असतो.)

भाषेचा धडा छोटा आहे. अनोळखी माणसाशी हिंदीत सुरुवात करावी, असा रिवाज आहे. दोन अस्सल मराठी माणसं डोंबिवलीपासून घाटकोपरपर्यंत ‘आगे चलो भाईसाब’ करत राहतात आणि एकाचा फोन वाजून तो ‘हो गं आई, पोचतोय’ म्हणाला की दोघंही ओशाळतात. यावर उपाय मला सापडलेला नाही. सरळ मराठीत सुरुवात करणं हा एक उपाय आहे, पण तो कोणी करत नाही.

यापुढचा धडा महिलांच्या डब्यातला आहे आणि तो पुरुषांना झेपणारा नाही. तिथे सीट सांगून ठेवतात. मुलुंडला चढलेली बाई बसलेल्या बाईला एका शब्दात विचारते, ‘कुठे?’ उत्तर येतं, ‘कुर्ला.’ पुढचा प्रश्न, ‘कोणाला दिलीय?’ दिली नसेल तर ‘मग मला’ म्हणायचं, की व्यवहार पक्का. पावती नाही, साक्षीदार नाही, नावसुद्धा ठाऊक नाही. तरी कुर्ला आलं की उठणारी गर्दीत हाक मारते, ‘कुर्लावाली कोण?’ आणि ती पोचेपर्यंत जागेवर पर्स ठेवून उभी राहते. मध्येच कोणी टेकू लागली तर अख्खा कंपार्टमेंट तिला सांगतो, ‘ती सीट दिलेली आहे.’ नोंदणी केलेल्या घराचा ताबा वर्षानुवर्षं न मिळणाऱ्या या शहरात तोंडी शब्दावर इतक्या जागांची देवघेव रोज होते, याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी.

उतरण्याचं एका वाक्यात सांगतो: फास्टने दादरला उतरायचं तर घाटकोपर सुटलं की उठा, पुढच्याला ‘दादर?’ विचारा, आणि त्याने मान हलवली की त्याच्या पाठीवर श्रद्धा ठेवा.

आता मुख्य विषय, ग्रुप. रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा धरलात की काही आठवड्यांनी बसलेल्यांपैकी कोणीतरी न बोलता तुमची बॅग मांडीवर घेईल. हा प्रवेश. मग कोणीतरी चिक्की पुढे करेल. त्यानंतर तुम्हाला गाडीच्या वेळेचं नाव असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं जाईल. तिथे कोणाला पूर्ण नाव नसतं. एक बदलापूर, एक बँकवाला, एक काका. बदलापूरला चढून बसलेला ठाणे आलं की उठतो आणि उभ्या असलेल्याला बसवतो. ‘ठाण्यापर्यंत तू, पुढे मी’ हा कायदा कोणी केला, कोणालाच माहीत नाही. टाळ निघतात, पत्र्यावर ठेका धरला जातो, भजन सुरू होतं. दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून डब्याचा दसरा आदल्या दिवशी: झेंडूची तोरणं, आरती, मोटरमनला पेढा. पलीकडे बायकांच्या डब्यात नवरात्रातले नऊ रंग, संक्रांतीचं हळदीकुंकू, कोणाचं डोहाळजेवणसुद्धा. दोन दिवस दिसला नाहीत तर फोन येतो. रक्त हवंय, भाड्याने खोली हवीय, मुलीसाठी स्थळ हवंय, तर आधी ग्रुपवर टाका, नातेवाइकांना नंतर कळवा.

या मायेची दुसरी बाजू बघायची असेल तर सकाळी दिवा स्टेशनवर उभे राहा. लांबून भरून आलेल्या गाडीचा दरवाजा अडवून जी मंडळी उभी असतात, त्यात चिक्की देणारा काका असतोच. आपल्या माणसासाठी रुमाल टाकून धरलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी असते. पत्ते मांडून चौघं बसले की चौथ्या सीटचा हक्कही संपतो. हनुवटी कितीही हलवा. मला हा विरोधाभास वाटत नाही. दाराशी दिवेकराला अडवणारा हात आणि तुमची बॅग घेणारा हात एकच आहे, आणि तुम्ही आत गेलात की दोन महिन्यांत तुमचाही हात तसाच होतो. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १५५ असं सांगतं, की राखीव नसलेल्या डब्यात चढणाऱ्याला अडवलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिव्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवू नका. नवखे आहात.

सगळ्या डब्यांत मात्र हे शिक्षण मिळत नाही. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावू लागली. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे दारावरचा वर्ग तिथे भरतच नाही. लोक मरू नयेत म्हणून बंद दरवाजे हवेतच, त्याबद्दल दुमत नको. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तर लोकलच थांबली आणि सर्वसामान्यांसाठी ती धड सुरू व्हायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला, तीही दोन लसींच्या अटीवर. मधल्या काळात अनेकांच्या वेळा बदलल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या, कितीतरी ग्रुप पुन्हा जुळलेच नाहीत. म्हणजे जागा आहेत. भरती सुरू आहे.

उद्यापासून जाणार असाल तर पास आज रात्रीच काढून ठेवा. तिकीट खिडकीची रांग हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याची फी सुट्ट्या पैशांत घेतात.