आलेखापायी किल्ली

मराठी गाडीमालकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पूर्वी एक वही असायची. तारीख, लिटर, किलोमीटर. आणि कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आधी प्रश्न : ‘ॲव्हरेज किती देते?’ विजेची गाडी आली, वही गेली, खाज राहिली. मागच्या वर्षी फुल्ल चार्जवर किती जायची, आता किती जाते? रात्रभर नुसती उभी होती, मग बॅटरी उतरली कशी? कंपनीचं ॲप यावर मख्ख. म्हणून जगभरच्या टेस्लावाल्यांनी टेस्लाफाय, टेसी, टेस्लामेट अशी बाहेरची ॲप जवळ केली.

ॲप कामाची आहेत, यात वाद नाही. थंडीत रेंज किती आटली, कुठल्या चार्जरने किती कापले, उभ्या गाडीत पहारा देणारे कॅमेरे किती वीज खातात, सगळं आलेखात दिसतं. जुनी गाडी विकताना बॅटरीचा दोन-तीन वर्षांचा आलेख समोर ठेवला, तर गिऱ्हाईकाची घासाघीस निम्मी होते.

घोळ किल्लीचा आहे. गाडीची माहिती टेस्लाच्या सर्व्हरवर. ती वाचायला ॲपला आपल्या खात्याचं टोकन, म्हणजे डिजिटल किल्ली, द्यायचं. जुन्या व्यवस्थेत ज्या टोकनने बॅटरीची टक्केवारी कळायची, त्याच टोकनने दारही उघडायचं. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्याच्या हातात घरच्या किल्ल्यांचा जुडगा!

जानेवारी 2022मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड कोलंबो नावाच्या 19 वर्षांच्या पोराने हा जुडगा जगाला वाजवून दाखवला. 13 देशांतल्या पंचवीसहून जास्त टेस्ला त्याच्या हाताशी आल्या. दारं-खिडक्या उघडा, हॉर्न वाजवा, पहाऱ्याचे कॅमेरे बंद करा, किल्लीवाचून गाडी चालू करा. स्टिअरिंग आणि ब्रेक तेवढे त्याच्या हातात नव्हते.

गंमत म्हणजे यात सापडले ते सावध लोक. टेस्लामेट फुकट, खुल्या कोडचं आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचं. माहिती परक्याकडे जायला नको म्हणून तर ते घ्यायचं. या सावधांनी ते घरी बसवलं आणि इंटरनेटवर उघडं टाकलं. आलेखाच्या पानाचं युजरनेम ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, हे मूळचं बदलायचे कष्ट काहींनी घेतलेच नाहीत. आत टोकन साध्या अक्षरांत पडलेलं.

पोरगा भला. मालकांना कळवावं म्हणून त्यांचे ईमेल शोधायला गेला, तर त्या शोधात टेस्लाच्याच यंत्रणेत आणखी एक भोक सापडलं. मग धावपळ झाली. टोकनं रद्द झाली, टेस्लामेट टोकन कुलपात ठेवू लागलं, आणि 2023मध्ये टेस्लाने बाहेरच्या ॲपांसाठी नवी सोय केली : माहितीची परवानगी वेगळी, हुकूम सोडायची वेगळी.

‘म्हणूनच आम्ही कंपनीचंच ॲप वापरतो’ म्हणणाऱ्यांनी फार ताठ बसू नये. 2016मध्ये निस्सान लीफच्या खुद्द कंपनीच्या ॲपला मालकाची ओळख म्हणून गाडीचा व्हीआयएन नंबर पुरायचा. तो नंबर समोरच्या काचेतून रस्त्यावरचा कुणीही वाचू शकतो! तेवढ्यावर दुसऱ्याच्या गाडीचा एसी लावता यायचा, प्रवासाची नोंद बघता यायची. निस्सानने ॲप काही काळ बंदच ठेवलं. आणि 2024च्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख विजेच्या गाड्यांची माहिती अमेझॉनच्या क्लाउडवर उघडी असल्याचं बाहेर आलं. त्यांतल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या कुठे उभ्या राहिल्या, हेही त्यात. पुढाऱ्यांच्या गाड्या होत्या, हॅम्बुर्ग पोलिसांच्याही. इथे बाहेरचं ॲप कुठलंच नव्हतं.

आपल्याकडे टेस्लाने 2025च्या जुलैत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटलं, पण ती गाडी मोजक्यांकडेच. इथल्या ईव्हीवाल्यांचा जीव ओबीडी डोंगलवर, म्हणजे गाडीच्या आतली माहिती वाचणाऱ्या चिमुकल्या यंत्रावर. काही शे रुपयांना ऑनलाइन मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसायचा, मोबाइलला जोडायचा, की बॅटरीची तब्येत टक्क्यांत हजर. स्क्रीनशॉट लगेच सोसायटीच्या ग्रुपवर : ‘आपली 97 टक्के, तुमची?’ डोंगल कुणी बनवला, ॲप कुठल्या देशातलं, कुणी विचारत नाही. स्वस्तातल्या डोंगलचा ब्लूटूथ पिन बहुतेक वेळा 1234 असतो, आणि तो बदलायची सोयही सहसा नसते.